लाईट आहे, पण किती?

पूर्वी घरातला पिवळा बल्ब हाच व्होल्टमीटर होता. संध्याकाळी तो लालसर पडला की आजी म्हणायची, "व्होल्टेज डाऊन आहे, फ्रिज बंद करा रे." तिचा अंदाज चुकत नसे, कारण तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार झपाट्याने घसरतो. 230 व्होल्टचे 170 झाले, म्हणजे साधारण पाव भाग कमी झाला, तर उजेड जेमतेम एक तृतीयांश उरतो. एलईडी बल्बचं तसं नाही. आतलं सर्किट चांगलं असेल तर तो 170 ला आणि 240 ला सारखाच लागतो. त्यात इन्व्हर्टर बसवला की लाईट गेल्याचंही कळत नाही. आपली सोय झाली, पण घरात येणारी वीज कशी आहे हे सांगणारं घरात कोणी उरलं नाही.

भोगतो तो फ्रिज. कॉम्प्रेसरच्या मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे 170 व्होल्टला तो सुमारे 55 टक्क्यांवर येतो. एवढ्या जोरावर मोटर कधी कधी सुरूच होत नाही, अडून बसते. अडलेली मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि तापते.

आमच्या गावच्या घरी इन्व्हर्टरची 150 एएचची (ॲम्पिअर-तासांची) बॅटरी दीड वर्षात बसली. पाणी वेळेवर घातलं नसेल, असं दुकानदाराने ठरवून टाकलं. डिस्टिल्ड वॉटरची पातळी तर आई दर महिन्याला बघत होती. तिनेच एक गोष्ट हेरली होती: लाईट न जाताही रोज संध्याकाळी इन्व्हर्टर मधूनच 'टक्' करतो. तो आवाज आतल्या रिलेचा, म्हणजे घराला बाहेरच्या विजेवरून बॅटरीवर नेणाऱ्या स्विचचा. बहुतेक इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्युटरसाठी यूपीएस मोड असतो. त्यात बाहेरचं व्होल्टेज साधारण 180 च्या खाली गेलं की इन्व्हर्टर ती वीज नाकारून घराला बॅटरीवर घेतो. म्हणजे गावात लाईट असायची आणि आमची बॅटरी मात्र रोज दोन-तीन तास खर्च होत राहायची. लेड-ॲसिड बॅटरी अशी रोज रिकामी होत गेली आणि पुन्हा पूर्ण भरलीच नाही, तर प्लेटांवरचं लेड सल्फेट कडक होत जातं आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो.

मी प्लगमध्ये बसणारा, काही शे रुपयांचा डिजिटल व्होल्टमीटर आणला आणि पहिल्याच दिवशी चुकलो. तो बैठकीतल्या पॉइंटला लावला. तो पॉइंट इन्व्हर्टरच्या लाईनवर, त्यामुळे बॅटरीवर असताना मीटर इन्व्हर्टरचंच व्होल्टेज दाखवायचा. बाहेरची वीज मोजायची तर इन्व्हर्टरवर नसलेला पॉइंट हवा. मग मीटर स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारी गेला. आईने शंभर पानी वहीत लिहायला सुरुवात केली: सात वाजता 168, साडेसातला 171, रात्री दहाला 214. वायफायवर नोंद करणारे स्मार्ट प्लगही मिळतात, पण तेव्हा राउटर बॅटरीवर ठेवावा. नाहीतर नोंद तुटली ती लाईट गेल्यामुळे की नेट गेल्यामुळे, हे समजत नाही.

तक्रार करण्याआधी दोष आपल्याच वायरिंगचा नाही ना, हे बघायला हवं. मीटरवर नजर ठेवून 2000 वॅटचा गीझर लावा. त्याला सुमारे 9 ॲम्पिअर लागतात. लावताक्षणी आकडा 10 व्होल्टने पडला आणि बंद करताच वर आला, तर घराकडे येणाऱ्या वाटेवर कुठेतरी 80 ते 90 वॅटची उष्णता मुरते आहे. ती लांब केबलभर पसरली तर निभावतं. एकाच ढिल्या जोडात साठली तर सोल्डरिंग आयर्नसारखा तो जोड तापतो, प्लास्टिक वितळतं. इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलवा.

त्याहून भीती न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेची. डीपीवरून, म्हणजे वस्तीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून, वीज आणणाऱ्या तीन तारा म्हणजे तीन फेज निघतात, न्यूट्रल एकच. तो तुटला किंवा ढिला झाला की दोन फेजवरची घरं एकमेकांशी सिरीजमध्ये जोडली जातात आणि दोन फेजमधले 400 व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. ज्या बाजूला विजेचा वापर कमी, तिकडे जास्त व्होल्ट. शेजारी लाईट मंद आणि आपला पंखा पिसाटल्यासारखा फिरतोय, मीटर 280 दाखवतोय, असं दिसलं तर कारण शोधत बसू नका. मेन स्विच खाली ओढा.

पुण्याच्या 'प्रयास' संस्थेच्या ऊर्जा गटाने हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं. साध्या घरांतल्या प्लगमध्ये छोटी यंत्रं बसवली. ती दर मिनिटाचं व्होल्टेज नोंदवून मोबाईल नेटवर्कवरून पाठवायची. अनेक राज्यांतल्या या नोंदी त्यांनी सर्वांसाठी खुल्या केल्या. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण वीजपुरवठ्याचे आकडे एरवी फीडरपाशी, म्हणजे सबस्टेशनातून निघणाऱ्या मुख्य लाईनपाशी मोजले जातात. फीडर चालू असतानाही वस्तीच्या टोकाच्या घरात 165 व्होल्ट असू शकतात.

आमच्याकडे दोन आठवड्यांच्या नोंदी झाल्यावर आईने वही वायरमनपुढे ठेवली. त्याने ती उभ्याउभ्याच चाळली, "काकू, रोज सातलाच होतंय की," म्हणाला आणि तारेभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर घेऊन डीपीवर गेला. आमच्या फेजवर बाकी दोन फेजच्या जवळजवळ दुप्पट करंट होता. सगळी नवी कनेक्शनं त्याच तारेवर पडत गेली होती. त्यातली सहा घरं दुसऱ्या फेजवर गेली. त्या संध्याकाळी साडेसातला वहीत 207 लिहिलेलं आहे, दुसऱ्या दिवशी 211. दुसरी बॅटरी आता चौथ्या वर्षात आहे.