वावरात पोरगा, सातबाऱ्यावर बाप : पार्श्वभूमी

शिकलेल्या पोरांनी शेतीत यावं, हे आवाहन विदर्भात जुनं आहे. नागपुरात १९०६ पासून शेतकीचं महाविद्यालय आहे, अकोल्याला १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ आलं. पुढे कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारनेच घ्यायची पद्धत, आली आणि गेली, सोयाबीन आलं, २००२ पासून कापसाचं बीटी बियाणं आलं. २००६ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज मिळालं. शेतकरी आत्महत्यांमुळे ते द्यावं लागलं, हे इथल्या वाचकाला सांगायला नको.

तरुणांच्या दृष्टीने मात्र खरी गाठ बसली ती २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत. पूर्ण माफी २ हेक्टरपर्यंतच्या खातेदाराला, म्हणजे साधारण ५ एकरांपर्यंत. त्यावरच्याला २५ टक्के सूट, तीही उरलेले ७५ टक्के भरल्यावर. पॅकेजच्या भागात ही सूट किमान २०,००० रुपये. ओलिताच्या मुलखात ५ एकर म्हणजे चांगली मिळकत. आमच्या कोरडवाहू पऱ्हाटीत, म्हणजे कापसात, १० एकरवालाही पावसाच्याच भरवशावर. बापाच्या नावावर ९ एकर, त्यावर राबणारी तीन पोरं, आणि कागदावर ते घर मोठ्या शेतकऱ्याचं! आधीच खातेफोड केली असती, म्हणजे जमीन पोरांच्या नावांवर वाटून दिली असती, तर सुटलो असतो, ही हळहळ तेव्हा पारापारावर ऐकू येत होती. मर्यादेच्या बाजूने बोलणारे म्हणत, कुठंतरी रेघ ओढावीच लागते. खरं आहे, पण ती रेघ पाऊसमान बघून ओढायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

या वादामागे ‘शेतकरी’ हाच शब्द आहे. गावात जो वखर-डवरा धरतो तो शेतकरी. कचेरीत ज्याचं नाव सातबाऱ्यावर तो शेतकरी. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कूळकायदा आहे. त्यानुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. शेतकऱ्याची जमीन राखायची म्हणून ही अट आली, पण भूमिहीनाच्या शिकलेल्या पोराला तीच आडवी येते. त्याने वावर ठोक्याने, म्हणजे ठरलेल्या भाड्याने, करायचं म्हटलं, तर मालक कागद करून द्यायला तयार होत नाही. कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, ही पिढ्यांची धास्ती. मग व्यवहार तोंडी, एका सालापुरता. पीककर्जाला बँक सातबारा मागते, विम्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो. दोन्ही नसलेला पोरगा बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर उचलतो.

ज्याच्या घरी जमीन आहे त्याचंही फार वेगळं नाही. बाप हयात असताना खातेफोड मागणं म्हणजे घर फोडणं, अशी समजूत. त्यामुळे तिशी उलटली तरी वावराचा सगळा कारभार पोराकडे आणि सही बापाची. ठिबकचं अनुदान असो की ट्रॅक्टरचं, अर्जावर नाव खातेदाराचंच. सुनेचं नाव तर कुठेच नसतं. निंदण-वेचणीत मात्र ती रोज असते.

२०१९ मध्ये केंद्राचा वर्षाला ६,००० रुपयांचा पीएम किसान सन्मान निधी सुरू झाला, तेव्हा ही गाठ आणखी आवळली. १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी जमीन नावावर असणारा पात्र. त्यानंतर झालेला बदल फक्त वारसाहक्काचा चालतो. बापाने समजूतदारपणे जिवंतपणीच पोराच्या नावावर ४ एकर केले, तर पोरगा त्या निधीतून बाहेर. आता २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे. तोही सातबाऱ्यालाच जोडलेला.