कमी पटाची उच्च प्राथमिक शाळा

कमी पटाची उच्च प्राथमिक शाळा : लहान गावातील जिल्हा परिषदेची, सहावी ते आठवीचे वर्ग असलेली पण मोजकीच मुले उरलेली शाळा. सरकारी कामकाजात 20 ही कमी पटाची रूढ मर्यादा. महाराष्ट्राच्या शिक्षण खात्याने 2023 मध्ये अशा शाळांची (पहिली ते आठवीच्या सर्व मिळून) संख्या 14,783 सांगितली. त्यांत 1,85,467 मुले होती. शाळेमागे सरासरी साडेबारा.

पट घटण्याला जन्मदर, स्थलांतर आणि इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसगाड्या जबाबदार धरल्या जातात. वरच्या वर्गांपुरते मात्र इयत्तांच्या जुन्या वाटणीकडे पाहावे लागते. पूर्वी पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी, आठवी ते दहावी असे टप्पे होते. शिक्षणहक्क कायद्याने (अंमल 1 एप्रिल 2010) पाचवी प्राथमिकला आणि आठवी उच्च प्राथमिकला जोडली. पण संस्थांच्या हायस्कुलांतले पाचवीपासूनचे वर्ग बहुतेक ठिकाणी तसेच राहिले. एकदा दाखला नेला की दहावीपर्यंत काळजी नाही, हा पालकांचा हिशेब. गळती लागते ती चौथीपासूनच. उरलेल्यांतले एखादे हुशार मूल सहावीला नवोदयला (केंद्राच्या निवासी शाळेला) लागते.

कायद्याप्रमाणे या वर्गांना विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक हवा. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयात मात्र सहावी ते आठवीचा पट 20 च्या आत असल्यास शिक्षकपद मंजूर न करण्याची तरतूद आली आणि शिक्षक संघटनांनी तिला कडाडून विरोध केला. पदे ठरतात संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदे मंजूर करण्याच्या प्रक्रियेत, आणि तिथे आधार पडताळणी झालेलेच विद्यार्थी धरण्याकडे कल आहे. ऑक्टोबर 2011 च्या पटपडताळणीत लाखो बोगस नावे निघाली होती, म्हणून ही कडक शिस्त. पण तिचा फटका खऱ्या मुलांनाही बसतो. दाखल्यावर ‘गणेशकुमार’ आणि आधारवर नुसताच ‘गणेश’ असेल, तर रोज पहिल्या बाकावर बसणारा मुलगा विद्यार्थीनोंदीच्या सरकारी पोर्टलवर अवैध ठरतो. एकोणिसाव्या-विसाव्या नावावर पद अडलेले असताना मुख्याध्यापक त्याच्या वडिलांना घेऊन आधार केंद्रावर खेटे घालतात.

अशा शाळेची गुणवत्ता टक्केवारीत मोजणे फसवे असते. आठवीत नऊ मुले असतील, तर एकाच्या निकालाने आकडा 11 टक्क्यांनी हलतो. आईबाप ऊसतोडीला गेले आणि मूल सोबत गेले की चाचणीच बुडते. उलट राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीत (वर्षाला 12,000 रुपये, नववी ते बारावी) दोन मुले लागली की वेशीवर फ्लेक्स झळकतो. दोन्ही आकड्यांवरून शिकवण्याबद्दल फारसे कळत नाही. अनेक वर्षांचे निकाल एकत्र ठेवून त्याच मुलांची वाचन-गणितातली प्रगती पाहिली, तरच काही बोलता येते.

पर्याय म्हणून 2023 मध्ये समूह शाळांची (आसपासच्या छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा) कल्पना पुढे आली. पानशेत (पुणे) आणि तोरणमाळ (नंदुरबार) येथील प्रयोग नमुना म्हणून दाखवले गेले. एका ठिकाणी विषयवार शिक्षक आणि प्रयोगशाळा मिळते, हे खरे. डोंगरी वाड्यांचा आक्षेप वाहतुकीवर आहे : कायद्याने उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत हवी, आणि पावसाळ्यात गाडी आली नाही तर आधी घरी बसते ती मुलगी.