जुन्या गार्डन ट्रॅक्टरची घरगुती अवजारं : या परंपरेची मुळं

अमेरिकेच्या मिडवेस्टात, म्हणजे इंडियाना, ओहायो, विस्कॉन्सिन या पट्ट्यात, पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे गार्डन ट्रॅक्टर अजून कामावर आहेत. इंजिन सात ते सोळा अश्वशक्तीचं, उंची कमरेइतकी, अंग भक्कम लोखंडाचं. उन्हाळ्यात गवत कापायचं, वसंतात भाजीचा वाफा नांगरायचा, हिवाळ्यात दारातलं बर्फ लोटायचं, ही सगळी कामं त्या एकाच यंत्राची. त्याला लागलेली अवजारं मात्र पुष्कळदा कंपनीची नसतात. मालकानेच गॅरेजमध्ये जुन्या-पान्या लोखंडातून ती उभी केलेली असतात. लोक याचं श्रेय काटकसरीला देतात. काटकसर आहेच, पण ती सगळीकडे असते. पैसे नसताना चांगलं अवजार घरी बनवता यावं, यासाठी आधी बऱ्याच गोष्टी जुळून याव्या लागल्या, आणि त्या जुळायला जवळपास अर्धं शतक गेलं.

मुळात गार्डन ट्रॅक्टर हेच घरगुती जुळवाजुळवीचं अपत्य. वेस्ट व्हर्जिनियातले बेंजामिन ग्रेव्हली हे व्यवसायाने छायाचित्रकार. हाताने ढकलायच्या नांगराला त्यांनी ‘इंडियन’ या अमेरिकन कंपनीच्या मोटारसायकलचे भाग जोडले, आणि पुढे 1916 मध्ये आपल्या मोटर-नांगराचं पेटंट घेतलं. दुसरं घराणं पाँड मंडळींचं. हॅरल्ड पाँड ओहायोत स्पीडेक्स नावाचे छोटे ट्रॅक्टर बनवत. त्यांचे भाऊ एल्मर आणि एल्मरचे चिरंजीव सेसिल यांनी 1946 मध्ये इंडियानातल्या साउथ बेंडला घरच्या गॅरेजात काम सुरू केलं. त्यातून ‘व्हील हॉर्स’ ही ट्रॅक्टर कंपनी उभी राहिली.

साउथ बेंड हे गाव इथे महत्त्वाचं आहे. स्टुडबेकर मोटारींचा कारखाना तिथलाच, आणि साउथ बेंड लेथ, म्हणजे लोखंड फिरवून कातायची यंत्रं, तीही तिथलीच. हे लेथ देशभरच्या शाळांच्या कार्यशाळांत आणि घरोघरच्या गॅरेजांत पोचलेले होते. म्हणजे गल्लीत चार लोक तरी टर्निंग-मिलिंग जाणणारे. शिवाय मिशिगन सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्यांमुळे तिथे बर्फ बदाबदा पडतं. बर्फाचं पातं लागत नसलेला ट्रॅक्टर त्या गावात कोण विकत घेईल?

दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक परतले, शहरांबाहेर अर्ध्या-एक एकराच्या तुकड्यांवर घरं उठली. एवढ्या जागेला मोठा ट्रॅक्टर जड आणि हाताचं यंत्र अपुरं. मग मोठ्या कंपन्याही उतरल्या. इंटरनॅशनल हार्वेस्टरने 1961 च्या हंगामासाठी ‘कब कॅडेट’ आणला. त्यातली गिअरची रचना 1947 पासून शेतात राबणाऱ्या त्याच कंपनीच्या फार्मॉल कब या छोट्या ट्रॅक्टरवरून घेतलेली होती. जॉन डिअरचा 110 हा ट्रॅक्टर 1963 मध्ये आला. केस कंपनीने 1964 मध्ये विस्कॉन्सिनची कोल्ट कंपनी घेतली आणि चाकांना हायड्रॉलिक मोटरची, म्हणजे तेलाच्या दाबाची, चाल असलेले ट्रॅक्टर विकले. त्याच तेलावर पुढे लोकांनी लाकूड फोडायची यंत्रं चालवली. यातल्या बऱ्याच ट्रॅक्टरांत कोहलर कंपनीचं एका सिलिंडरचं ओतीव लोखंडी इंजिन होतं. ते खोलून, बोअर करून पुन्हा बसवता येतं, म्हणूनच ती यंत्रं आजवर टिकली.

आता जोडणीकडे वळू, कारण घरगुती अवजारांचं खरं गुपित तिथे आहे. उत्तर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी 1920 च्या दशकात तीन बिंदूंच्या जोडणीवर काम केलं, आणि 1938 मध्ये हेन्री फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर करार केला. 1939 मध्ये फोर्ड 9एन ती जोडणी घेऊन बाजारात आला. खाली दोन दांडे, वर एक, आणि नांगराचा ओढा मागच्या चाकांवर वजन म्हणून उतरवायची युक्ती. आपल्याकडे रोटाव्हेटर सोडून पलटी नांगर जोडताना ट्रॅक्टरमागे जे तीन दांडे दिसतात, ते याच जोडणीचे. पुढे तिच्या मापांचे गट ठरले. सर्वांत लहान ‘शून्य’ गट गार्डन ट्रॅक्टरचा. त्यात पिना पाच सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आणि खालच्या दोन दांड्यांमधलं अंतर 20 इंच.

एवढी दोन मापं हाती आली की कंपनीचा नकाशा लागत नाही. तीन पिनांची चौकट एकदा बनवा. तिच्याखाली फण लावा, मागे पातं लावा किंवा वर लोखंडी पेटी बसवा. ज्या ट्रॅक्टरांना तीन बिंदू नव्हते, त्यांना स्लीव्ह हिच होती, म्हणजे मागे एक जाड नळी, तिच्याभोवती बसणारं अवजाराचं दुबेळकं आणि आरपार एकच पिन. केंटकीची ब्रिनली-हार्डी ही 1839 पासूनची नांगरवाली कंपनी याच हिचवर दहा इंची नांगर अनेक ब्रँडच्या ट्रॅक्टरांसाठी पुरवत असे. त्यामुळे एकाने बनवलेला वखर दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला लागू शके. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी देणगी ही मापांचीच आहे.

माप असलं तरी लोखंड जोडणार कशाने? 1935 मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाचं सरकारी खातं निघालं, तेव्हा अमेरिकेतल्या दहापैकी जेमतेम एका शेतघरात वीज होती. 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती दहातल्या नवांकडे पोचली होती. वीज आली आणि मागोमाग ट्रान्सफॉर्मरचं वेल्डिंग मशीन गोठ्यात आलं. लिंकन कंपनीचं 225 अँपिअरचं मशीन तर शेतघराची ओळखच झालं. त्याआधी तुटका फाळ घेऊन गावच्या लोहाराकडे जावं लागे. आता रात्री जेवण झाल्यावर घरीच टाका मारता येऊ लागला. शिकवणारेही होते. 1917 च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शाळांमधल्या शेतीविषयक व्यवसाय शिक्षणाला केंद्राचा पैसा मिळाला, आणि गावोगावच्या हायस्कुलांत मुलं भाता, ऐरण आणि पुढे वेल्डिंग शिकू लागली. दुसऱ्या महायुद्धात जहाजांच्या गोद्यांनी हजारो स्त्री-पुरुषांना वेल्डर केलं. ही माणसं घरी परतताना हातातली कला घेऊन आली.

भंगारातून यंत्र करायची सवय त्याहून जुनी. 1930 च्या मंदीत मोठा ट्रॅक्टर परवडेना, म्हणून शेतकऱ्यांनी फोर्डच्या जुन्या मोटारी कापून ट्रॅक्टर बनवले. चाल संथ व्हावी म्हणून एकामागे एक दोन गिअरबॉक्स लावायचे. या गाड्यांना ‘डूडलबग’ म्हणत. कॅटलॉगवरून टपालाने माल विकणाऱ्या सीअर्ससारख्या कंपन्यांनी अशा बदलाचे तयार संचही विकले. गार्डन ट्रॅक्टरवाले याच मंडळींचे वारस.

त्यांच्या भंगाराची निवड बघण्यासारखी असते. टाकून दिलेल्या पलंगाच्या चौकटीचा अँगल तिथे फुकट मिळतो, पण तो बऱ्याचदा रेल्वेच्या जुन्या रुळांपासून लाटलेला असतो. त्यात कार्बन जास्त, म्हणून ड्रिलचं टोक जळतं आणि वेल्डच्या कडेला तडा जातो. कुदळीच्या पात्याला तो चालतो. जिथे जीव अवलंबून आहे तिथे तो वापरू नये. कल्टिव्हेटरच्या फणाला ट्रकचा कमानपाटा. आपल्याकडचे लोहारही कोयत्याला तोच पाटा घेतात, कारण त्याची लवचीक कणखरी दुसऱ्या पोलादात सहजी मिळत नाही. 1980 च्या दशकात परसात मोठ्या डिश अँटेना आल्या. त्या कालबाह्य झाल्यावर त्यांना फिरवणारे, विजेवर आत-बाहेर सरकणारे दांडे पडून राहिले. त्यांतले बरेच 36 व्होल्टचे, पण ट्रॅक्टरच्या 12 व्होल्टवरही हळूहळू चालतात. बर्फाचं पातं वर-खाली करायला तेवढी चाल पुरते आणि हायड्रॉलिकचा खर्च वाचतो.

फिरतं अवजार मात्र डोकं मागतं. मोठ्या ट्रॅक्टरच्या पीटीओचं, म्हणजे अवजाराला ताकद देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्याचं, प्रमाण 1927 मध्येच ठरलं, पण छोट्या ट्रॅक्टरांत ताकद बहुधा इंजिनच्या पुढच्या पुलीवरून पट्ट्याने घेतली जाते, आणि इंजिन मिनिटाला 3600 फेरे फिरतं. तीन इंची पुलीवरून नऊ इंची पुलीवर पट्टा घेतला तर 1200 फेरे उरतात. माती भुसभुशीत करणाऱ्या टिलरच्या दांड्याला साधारण दोनशेच हवेत. म्हणून पुढे चेन आणि दोन स्प्रॉकेट (दात्यांची चाकं) लावून आणखी सहापट कमी करायचे. हा हिशेब चुकला तर दाते माती उकरत नाहीत, उडवतात. पट्ट्यावर पत्र्याचं झाकण न घालणारे आजही भेटतात, आणि ते पाहून मला राग येतो. टाकाऊ पत्र्याचा तुकडा आणि चार बोल्ट, एवढाच तर खर्च.

1980 च्या सुमारास चित्र पालटलं. इंटरनॅशनल हार्वेस्टरने कब कॅडेट 1981 मध्ये एमटीडी कंपनीला विकला. व्हील हॉर्स 1986 मध्ये टोरो कंपनीकडे गेली. मोठ्या दुकानांत दाबीव पत्र्याचे, फक्त गवत कापणारे हलके ट्रॅक्टर स्वस्तात मिळू लागले आणि जुने लोखंडी गडी कोठारांच्या कोपऱ्यात गेले. तिथून ते कवडीमोल भावात बाहेर आले. त्यांची कंपनीची अवजारं मात्र वाटेत हरवलेली, आणि जी उरली त्यांची किंमत कधीकधी ट्रॅक्टरहून जास्त. घरी बनवण्याला खरा जोर आला तो इथे.

या छंदाचं शिखर म्हणजे पुढचा लोडर. चौकोनी पाइपचे दोन हात, दोन सिलिंडर, एक पंप आणि बकेट, ऐकायला सोपं. पण हे ट्रॅक्टर पुढे एवढं ओझं पेलायला बनलेले नाहीत. ओली माती भरलेली बकेट उचलली की मागची चाकं हलकी होतात आणि उतारावर अख्खं यंत्र आडवं होऊ शकतं. म्हणून जाणकार मागच्या जोडणीवर काँक्रीट भरलेलं पिंप टांगतात आणि मागच्या टायरांत कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरतात. पुढची चाकं ज्यांवर फिरतात ते सहा सुती स्पिंडल (आसाचे दांडे) वाकतात, म्हणून बकेटला हात लावण्याआधी ते काढून एक इंची स्पिंडल आणि भक्कम बेअरिंग बसवतात.