बारा वर्षे फुटपाथवर राहिलं की जागा नावावर होते?

‘सरकारी जागेवर झोपडी बारा वर्षे टिकली की जागा राहणाऱ्याची’, असा मेसेज कित्येक वर्षे फिरतो आहे. बारा वर्षांची मुदत कायद्यात आहेच, त्यामुळे तो खरा वाटणं साहजिक आहे. पण ती खासगी जमिनीसाठी. १९६३च्या लिमिटेशन ॲक्टच्या (मालकाने जागा परत मागायला किती वर्षांत दावा लावायचा, हे ठरवणारा कायदा) परिशिष्टात अनुच्छेद ६५ वाचा, मग १११ आणि ११२. सार्वजनिक रस्ता आणि सरकारी जमीन यांना मुदत ३० वर्षांची. नुसतं राहूनही भागत नाही: ताबा उघड, अखंड आणि मालकाचा हक्क नाकारणारा होता, हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. ज्याचं छप्पर वारंवार उचललं जातं, त्याला हे जवळपास अशक्यच. महाराष्ट्रात १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीधारकांना कायद्याने संरक्षण दिलंय, तेही पुनर्वसनाचं, त्या जमिनीच्या मालकीचं नव्हे.