चष्म्याच्या पावतीत नसलेली मजुरी: बडोद्यातल्या ऑप्टिशियनच्या पगाराची पार्श्वभूमी

बडोद्यात ऑप्टोमेट्रीचा, म्हणजे डोळे तपासून नंबर काढण्याच्या शास्त्राचा, डिप्लोमा किंवा पदवी घेऊन काम शोधायला निघालेल्या मुलामुलींसमोर साधारण तीन वाटा असतात. रावपुरा, दांडिया बाजारसारख्या जुन्या भागातलं घरगुती चष्म्याचं दुकान, अलकापुरीसारख्या भागातलं एखाद्या साखळीचं शोरूम, नाहीतर डोळ्यांचं हॉस्पिटल. काम तिन्हीकडे बरंचसं सारखं: नंबर काढायचा, माप घ्यायचं, चष्मा नीट बसवून द्यायचा. पगार मात्र तिन्हीकडे वेगळ्या हिशेबाने ठरतो. दुकानात कमी पगाराचं कारण विचारलं, तर बहुतेक वेळा ऐकायला मिळतं, ‘नंबर काढायचे आपण गिऱ्हाइकाकडून पैसे घेतो का? मग तुला कुठून देऊ?’ हे उत्तर एका दिवसात तयार झालेलं नाही.

चष्म्याच्या धंद्याचा इतिहास बहुतेक जण भिंगापासून सांगायला घेतात. बडोद्यापुरती तरी ती सुरुवात शाळेपासून करायला हवी, असं मला वाटतं. चाळिशी उलटल्यावर जवळचं दिसेनासं झालं की सगळ्यात आधी अडतं ते कारकुनाचं, मास्तरांचं, हिशेब लिहिणाऱ्याचं. हा वर्ग बडोदा संस्थानात लवकर वाढला. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीकडे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. १९१० मध्ये ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेतून बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभारलं. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय झालं आणि गावोगाव पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जाऊ लागल्या. दरबारी नोकरीतल्या मराठी घरांमध्ये मोडीतले आणि गुजरातीतले कागद रोज डोळ्यांखालून जायचे. एवढी माणसं एकदम वाचायला लागल्यावर चष्मा ही चैन राहणं शक्यच नव्हतं.

याच शहरात १८९० मध्ये कलाभवन सुरू झालं. हाताने काम करणाऱ्याला शास्त्र शिकवावं आणि त्याच्या हुन्नराला मान मिळावा, ही त्यामागची कल्पना. रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम यांना शाळेचं दार उघडलं. चष्म्याचं काम मात्र दुकानातच शिकायचं काम राहिलं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण जे काम शाळेत शिकवलं जातं त्याला प्रमाणपत्र मिळतं, प्रमाणपत्राला पायरी मिळते आणि पायरीला पगार. दुकानात शिकलेल्या मुलाची पायरी शेठ ठरवतो.

शिकण्याची रीत ठरलेली होती. मुलगा आधी काउंटर पुसायचा, फ्रेमा लावायचा, उधारीचे निरोप पोचवायचा. मग कधीतरी त्याला आतल्या खोलीत दगडावर बसवत. भिंगं तेव्हा खरोखर काचेची असत. फ्रेमच्या आकाराची रेघ काचेवर मारायची, चिमट्याने कडा टिचवत आणायच्या आणि ओल्या फिरत्या दगडावर फ्रेमच्या खाचेत बसेल अशी धार काढायची. एक टवका उडाला की काच वाया, आणि नुकसान बहुधा मुलाच्याच नावावर. हात बसायला वर्षं जात. ‘अजून शिकतोय’ या सबबीवर त्या वर्षांचा पगार नाममात्र असे आणि हात बसला तरी तो आकडा फारसा हलत नसे. जाणार कुठे? हाच हुन्नर लागणारी दुकानं शहरात मोजकीच, आणि दुकानदार एकमेकांना ओळखणारे.

या कामात नेमकं कौशल्य कुठे असतं ते जवळून पाहिलं, तर पगाराचा प्रश्न जास्त स्पष्ट होतो. गिऱ्हाइकाच्या समोर, डोळ्यांच्या उंचीवर बसून, नाकावर पट्टी टेकवून दोन्ही बाहुल्यांमधलं अंतर मोजतात. त्याला पीडी म्हणतात. भिंगाचं केंद्र बाहुलीसमोर यायला हवं. उणे ६ नंबरच्या भिंगाचं केंद्र ५ मिलिमीटर सरकलं, तर डोळ्यावर ३ प्रिझम डायॉप्टर एवढा अनावश्यक प्रिझम येतो, म्हणजे भिंगातून येणारा प्रकाश तेवढा एका बाजूला वळतो. नंबर बरोबर, काच बरोबर, तरी माणूस डोकं धरून परत येतो. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात, म्हणजे दूरचं-जवळचं एकाच भिंगातून दिसणाऱ्या चष्म्यात, तर उंचीसुद्धा मोजावी लागते. आधी फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवायची, काड्या कानामागे वाकवायच्या, नोज पॅड सारखे करायचे आणि मगच डेमो ग्लासवर (नव्या फ्रेममध्ये असलेल्या बिननंबरच्या काचेवर) पेनाने बाहुलीचा ठिपका मारायचा. हा क्रम उलटा झाला तर हजारो रुपयांची भिंगं फुकट जातात. हे सगळं दहा मिनिटांत होतं आणि बघणाऱ्याला ते काम वाटतच नाही.

आता पावती बघा. त्यावर फ्रेम असते, ग्लास असते, कोटिंग असतं, खाली टोटल. मोजणाऱ्याचं, बसवणाऱ्याचं काम त्यात कुठेच नसतं. सोनाराच्या पावतीत सोन्याचा भाव वेगळा आणि घडणावळ वेगळी असते. घडणावळीवर घासाघीस होते, पण ती द्यायची असते याबद्दल कुणाचं दुमत नसतं. चष्म्याच्या धंद्यात मजुरी मालाच्या नफ्यात मिसळून गेली. फ्रेम आणि भिंगावरचं मार्जिन चांगलं होतं तोवर नंबर फुकट काढून देणं मालकाला परवडत होतं आणि त्याने गिऱ्हाईकही बांधलं जात होतं. पण जी गोष्ट फुकट द्यायची सवय लागते, ती करणाऱ्या माणसाचा पगार कुठल्या हिशेबात धरायचा, हे कुणी ठरवलंच नाही. माझ्या मते आजच्या कमी पगाराचं मूळ इथे आहे.

दुसऱ्या देशात हे वेगळ्या रीतीने घडलं. ब्रिटनमध्ये १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि चष्मे सरकारी खर्चाने मिळू लागले. मागणी इतकी वाढली की १९५१ मध्ये सरकारला चष्म्यांवर शुल्क लावावं लागलं. पण ऑप्टिशियनला पैसे देताना सरकारने डोळे तपासण्याची फी वेगळी आणि चष्मा मापून बसवून देण्याची फी वेगळी धरली. एकदा काम असं कागदावर वेगळं लिहिलं गेलं की त्याचा दर काय असावा, यावर भांडता येतं. १९५८ च्या ऑप्टिशियन्स अ‍ॅक्टने या व्यवसायाची नोंदणी ठेवणारं जनरल ऑप्टिकल कौन्सिल आणलं. त्याच्या नोंदवहीत नुसता डोळे तपासणारा नव्हता, चष्मा बसवून देणारा डिस्पेन्सिंग ऑप्टिशियनही होता.

त्याच १९५८ च्या सुमारास आपल्याकडे अलीगढच्या गांधी आय हॉस्पिटलमध्ये ऑप्टोमेट्रीचं पद्धतशीर शिक्षण सुरू झालं. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आला आणि सरकारी आरोग्य केंद्रांसाठी ऑफ्थॅल्मिक असिस्टंट, म्हणजे नेत्रसहाय्यक, तयार होऊ लागले. त्यांना पद मिळालं, वेतनश्रेणी मिळाली. चेन्नईत १९८५ मध्ये एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्रीने चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. शिक्षण असं वाढत गेलं, पण दुकान उघडायला किंवा नंबर काढायला यांपैकी काहीच असण्याची सक्ती नव्हती. चार वर्षं शिकलेली मुलगी आणि काकांच्या दुकानात बघून बघून शिकलेला मुलगा एकाच काउंटरवर उभे राहत. दोघांचा पगार ठरताना खाली ओढणारा आकडाच जिंकत असे. यात त्या मुलाचा दोष नाही. त्याच्या हाताला दाद देणारी परीक्षाच कुणी घेतली नव्हती.

दरम्यान माल बदलला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पूर्वी डोळ्यातलं नैसर्गिक भिंग काढून टाकत आणि अधिक १० च्या आसपासचा जाडजूड चष्मा देत. शिबिरांच्या हंगामात अशा चष्म्यांचं काम भरपूर असे. डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसवण्याची शस्त्रक्रिया लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ मध्येच केली होती. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून ती भिंगं देशातच स्वस्तात बनवायला सुरुवात केली आणि जाड चष्म्यांचं काम आटत गेलं. काचही गेली. दुर्गापूरला सोव्हिएत मदतीने उभा राहिलेला भारत ऑप्थॅल्मिक ग्लासचा सरकारी कारखाना पुढे बंद पडला. प्लास्टिकची हलकी भिंगं आली, ती कापायला ऑटो एजर आला. दगडावरच्या कारागिराचं काम यंत्राने घेतलं. पण त्याच काळात प्रोग्रेसिव्ह भिंगं सामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोचली. फ्रान्समध्ये ती १९५९ मध्येच बाजारात आली होती. त्यामुळे मोजमापाची जबाबदारी उलट वाढली. कौशल्य आतल्या खोलीतून बाहेरच्या काउंटरवर, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यापाशी आलं. ‘आता काय, सगळं मशीनच करतं’ हे वाक्य मात्र पगाराची बोलणी करताना अजून वापरलं जातं. ते खरं नाही. यंत्र सांगितलेल्या मापाने कापतं, माप माणूसच घेतो.

२००७ मध्ये टायटनने चष्म्यांच्या दुकानांची साखळी सुरू केली, २०१० मध्ये लेन्सकार्ट आलं. साखळ्यांनी एक चांगली गोष्ट केली: शिकलेल्या ऑप्टोमेट्रिस्टला नेमणूकपत्र, पीएफ, ठरलेली सुट्टी असलेली नोकरी मिळू लागली. जुन्या दुकानात हे क्वचितच मिळत होतं. पण भिंगं कापायचं काम दूरच्या मध्यवर्ती कारखान्यात गेलं, म्हणजे भिंग कापून फ्रेममध्ये बसवणाऱ्या स्थानिक फिटरचं काम तेवढं कमी झालं. आणि ‘मोफत नेत्रतपासणी’ ही जुनीच रीत आता जाहिरातीची पाटी झाली. पगाराचा एक भाग विक्रीच्या टार्गेटला बांधला गेला. डोळे तपासणाऱ्याचं उत्पन्न किती महाग कोटिंग विकलं यावर ठरणं, ही मला या सगळ्या बदलातली सर्वात घातक गोष्ट वाटते. नंबर बदललेला नाही, जुनाच चष्मा चालेल, असं प्रामाणिकपणे सांगणाऱ्या मुलीचं त्या महिन्यात नुकसान होतं.

कायदा या सगळ्यात उशिरा आला आणि लहान दुकानाच्या उंबऱ्यावर थबकला. १९४९ मध्ये बडोदा मुंबई राज्यात विलीन झालं, १९६० मध्ये गुजरात वेगळं झालं. दुकानांसाठी १९४८ चा मुंबईचा कायदाच इथे चालू राहिला. त्याच्या जागी २०१९ मध्ये गुजरातचा नवा कायदा आला, तो सुरुवातीला दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानांसाठी होता. त्याहून लहान दुकानाने नुसती माहिती कळवली की पुरे. ग्रॅच्युइटीला दहाची अट, ईएसआयला (कामगारांच्या आरोग्य विम्याला) दहाची अट, पीएफला विसाची. जुन्या बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात तीन-चार माणसं असतात. म्हणजे वीस वर्षं एकाच काउंटरवर काढलेल्या माणसाला शेवटी हातात काय मिळेल, ते मालकाच्या मनावर.

किमान वेतनाला मात्र माणसांच्या संख्येची अट नाही. गुजरात सरकारने २०२३ मध्ये बऱ्याच काळानंतर दर वाढवले. महापालिका हद्दीत कुशल कामगाराचा महिन्याचा आकडा ९,८८७ रुपयांवरून १२,३२४ रुपयांवर गेला. पण इथेही प्रश्न तोच: भिंग बसवणारा ‘कुशल’ की काउंटरवरचा ‘मदतनीस’? त्या वाढीनंतरही कुशल आणि अकुशल यांच्यातला फरक महिन्याला जेमतेम पावणेसहाशे रुपयांचा होता. वर्षानुवर्षं कमावलेल्या हाताची ती किंमत.

ओळखीच्या बाजूने मोठा बदल २०२१ मध्ये झाला. संसदेने अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि ऑप्टोमेट्रिस्ट पहिल्यांदा देशपातळीवर नोंदणीच्या कक्षेत आला. अभ्यासक्रमाचा दर्जा, राज्य परिषद, नोंदवही अशी ही चौकट आहे. फिटरचं नाव त्या यादीत नाही. पदवीधरांना नोंदणीने बळ मिळेल, मिळायलाच हवं. पण बिनपदवीच्या अनुभवी कारागिराला परीक्षा देऊन आत येता येईल अशी वाट काढली नाही, तर त्याची किंमत आहे त्याहून खाली जाईल.

वेतनाच्या बाजूने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. नेमणूकपत्राची सक्ती त्यातल्या सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत आहे, आणि त्या संहितेतली आस्थापना पुन्हा दहा कामगारांपासूनच सुरू होते. वेतन संहितेला मात्र तशी अट नाही. किमान वेतन आता प्रत्येक कामगाराला लागू आहे. पगाराची स्लिप द्यायची आहे, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा आहे, जादा वेळेला दुप्पट दर आहे, आणि नोकरी सोडली किंवा सुटली तर राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत चुकता करायचा आहे. चार माणसांच्या दुकानातली मुलगीसुद्धा हे मागू शकते. रोखीने पगार घेणाऱ्याने तारीख आणि रक्कम स्वतःच्या वहीत लिहून ठेवावी, शक्य असेल तर पगार बँकेत मागावा. थकलेल्या वेतनाचा दावा करायला संहितेने तीन वर्षांची मुदत दिली आहे.