एका घासाचे मिनिट

आमटीत बुडवलेला भाकरीचा तुकडा आपण चावून गिळतो, तेव्हा अन्ननलिकेच्या स्नायूंची एक लाट त्याला साधारण आठ-दहा सेकंदांत जठरापर्यंत नेते आणि तोवर पुढचा घास हातात तयार असतो. ज्यांच्या जठराभोवती वजन कमी करण्यासाठी सिलिकोनचा बँड बसवलेला आहे, त्यांच्या बाबतीत तोच घास बँडच्या वर येऊन थबकतो, लाटेच्या दाबाने थोडासा पलीकडे सरकतो, उरलेला किंचित मागे येतो, मग दुसरी लाट येते, तिसरी येते आणि असे दोन ते सहा वेळा झाल्यावर तो पूर्णपणे खाली उतरतो. या सगळ्याला कधीकधी एक मिनिट लागते. बँडसह जगण्याविषयी जे सांगण्यासारखे आहे, त्यातले बहुतेक या एका मिनिटात आहे, असे मला वाटते.

बँड म्हणजे जठराच्या अगदी वरच्या टोकाला, अन्ननलिका जिथे संपते त्याच्या किंचित खाली, बांगडीसारखे बसवलेले एक कडे असते. त्याच्या आतल्या बाजूला फुगा असतो आणि तो एका बारीक नळीने पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या लहानशा पोर्टला, म्हणजे सुईने द्रव भरता-काढता येणाऱ्या डबीला, जोडलेला असतो. पोर्टमध्ये सलाईन भरले की फुगा फुगतो आणि बँड घट्ट होतो, काढून घेतले की सैल होतो. असा कमीजास्त करता येणारा बँड युक्रेनियन वंशाचे आणि अमेरिकेतल्या न्यू जर्सीत काम करणारे सर्जन लुबोमिर कुझमाक यांनी १९८६ मध्ये वापरायला सुरुवात केली. सप्टेंबर १९९३ मध्ये मूळ इथिओपियाचे डॉ. मितिकू बेलाचेव यांनी बेल्जियममधल्या हुई या गावात तो दुर्बिणीतून, पोट न उघडता बसवला, आणि त्यानंतर ही शस्त्रक्रिया जगभर पसरली. या शस्त्रक्रियेत जठर कापले जात नाही आणि आतडी वळवली जात नाहीत. म्हणूनच तिच्या यशाचा मोठा भाग शस्त्रक्रियेनंतरच्या काळावर अवलंबून राहतो.

बँडच्या वर जठराची एक चिमुकली पिशवी तयार होते, ती चार घासांत भरते आणि म्हणून माणूस कमी जेवतो, असे पुष्कळ वर्षे समजले जात होते. मेलबर्नमधल्या संशोधकांनी गिळण्याच्या क्रियेचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा चित्र वेगळे निघाले. बँड योग्य प्रमाणात भरलेला असेल आणि माणूस सावकाश जेवत असेल, तर अन्न वर साठून राहतच नाही, प्रत्येक घास खाली उतरतो. मात्र उतरताना तो जठराच्या वरच्या भागातल्या भिंतीवर दाब देतो, आणि तिथे असलेली व्हेगस मज्जातंतूची टोके हा दाब टिपून मेंदूला तृप्तीचा निरोप पाठवतात. बँडमधले सलाईन कमी केले आहे की पुरेसे ठेवले आहे हे रुग्णांना न सांगता केलेल्या एका प्रयोगात, पुरेसे सलाईन असताना त्यांना रात्रभराच्या उपाशीपणानंतरही भूक कमी लागली आणि न्याहारीनंतर तृप्ती अधिक वाटली. म्हणजे बँडचे खरे काम भूक शमवण्याचे आहे. वर साठलेले अन्न हे तर बँड फार घट्ट असल्याचे किंवा जेवण घाईत झाल्याचे लक्षण ठरते.

ही गोष्ट नीट समजली की मनावरचे मोठे ओझे उतरते. वजन न उतरलेल्या किंवा उतरून पुन्हा वाढलेल्या माणसाला आयुष्यभर ‘तुझ्यात निर्धार नाही’ हेच ऐकावे लागलेले असते. मेलबर्नमध्येच २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पन्नास जणांना दहा आठवडे अत्यंत कमी उष्मांकांच्या आहारावर ठेवले होते. त्यांचे वजन घटले, पण वर्ष उलटल्यावरही त्यांच्या रक्तात भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक चढलेलेच होते आणि तृप्तीशी संबंधित लेप्टिन उतरलेले होते. शरीर गमावलेली चरबी परत मिळवण्यासाठी धडपडते, आणि ती धडपड माणसाच्या स्वभावाचा दोष नसते. बँड या धडपडीच्या विरुद्ध बाजूने एक हात देतो. तो हात घेणे म्हणजे पळवाट काढणे, असे ज्यांना वाटते त्यांच्याशी वाद घालत बसण्यात शक्ती खर्च करू नये.

आता जेवणाकडे वळू. घास अंगठ्याच्या नखाएवढा असावा, तो वीसेक वेळा चावून पातळ झाल्यावरच गिळावा, आणि तो खाली उतरेपर्यंत दुसरा उचलू नये. हात ताटाजवळ राहिला की तो आपसूक पुढच्या घासाकडे जातो, म्हणून प्रत्येक घासानंतर चमचा खाली ठेवणे किंवा हात मांडीवर ठेवणे हा साधा पण खरोखर उपयोगी उपाय आहे. सुरुवातीचे काही दिवस समोर घड्याळ ठेवावे. जेवण साधारण वीस मिनिटांत संपवावे आणि अन्न उरले असले तरी उठावे. एका वेळचे जेवण अर्धी वाटी ते एक लहान वाटी एवढेच लागते, त्यामुळे त्यात काय असावे याला फार महत्त्व येते. आधी प्रथिनांचे पदार्थ खावेत, म्हणजे अंडे, मासे, पनीर, शिजून मऊ झालेली उसळ, घट्ट वरण. मग भाजी, आणि भात-पोळी-भाकरी अगदी शेवटी.

आपल्या ताटातल्या काही पदार्थांची स्वतंत्र ओळख करून घ्यावी लागते. पाव, ब्रेड आणि मऊसूत पोळी चावल्यावर त्यांचा पिठूळ गोळा होतो आणि तो बँडपाशी बुचासारखा बसतो. चिकट भाताचे आणि साबुदाण्याच्या खिचडीचेही तसेच होते. भाकरी नीट चुरून आमटीत कालवली तर अनेकांना ती पोळीपेक्षा सोपी जाते, पण प्रत्येकाचा अनुभव वेगळा असतो आणि तो एका वेळी एकच नवा पदार्थ घेऊन तपासावा. कोरडे चिकन आणि शेवग्यासारख्या रेषाळ भाज्या अडकतात. उपवास करणाऱ्यांनी उपवास सोडतानाच्या जेवणात विशेष जपावे, कारण दिवसभराच्या भुकेनंतर पहिले तीन घास नेहमी घाईने घेतले जातात. पाणी जेवणाबरोबर न पिता दोन जेवणांच्या मधल्या वेळात थोडे थोडे प्यावे.

घास अडकला की छातीच्या हाडामागे दाब येतो, तोंडात फेसाळ लाळ जमते आणि बऱ्याचदा ती लाळ व तो घास परत वर येतो. अशा वेळी पाण्याने घास ढकलण्याचा मोह होतो, पण पाणीही वरच अडकते आणि त्रास वाढतो. खाणे थांबवावे, उठून शांतपणे फिरावे आणि वाट पाहावी. घास उतरला किंवा बाहेर पडला तरी तिथली जागा सुजलेली असते, म्हणून पुढचा दिवसभर पातळ पदार्थांवर राहणे शहाणपणाचे ठरते. पहिल्या काही महिन्यांत असे एखाद्या वेळी होणे म्हणजे शिकणे चालू आहे. दर आठवड्याला होऊ लागले, तर मात्र डॉक्टरांना सांगायलाच हवे.

आपल्याकडे पंगतीत यजमान ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतात आणि त्याच दमात पानात आणखी एक जिलबी वाढतात. बँड असलेल्या माणसाला यातला पहिला भाग हवा असतो आणि दुसरा अडचणीचा ठरतो. पानात टाकू नये हा संस्कारही खोल रुजलेला असतो. तो मोडत बसण्यापेक्षा पान वाढून घेतानाच लहान ठेवावे, भात मुदीऐवजी चमचाभर घ्यावा आणि घरच्या एखाद्या माणसाला आधीच विश्वासात घ्यावे, म्हणजे आग्रहाच्या वेळी ‘ताईंचे झाले’ असे दुसरे कोणीतरी म्हणेल. शस्त्रक्रियेविषयी कोणाला सांगायचे आणि कोणाला नाही, हा सर्वस्वी ज्याचा त्याचा निर्णय आहे.

बँडमध्ये सलाईन भरण्याला सगळे ‘फिल’ म्हणतात. पहिला फिल बहुधा शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांनी होतो. रुग्ण तपासणीच्या टेबलावर उताणा झोपतो, डॉक्टर त्याला डोके किंचित उचलायला सांगतात, त्यामुळे पोटाचे स्नायू ताणले जातात आणि कातडीखालचे पोर्ट बोटांना लागते. जागा पुसून घेतल्यावर एका खास सुईने पोर्टमध्ये शिरतात. ह्यूबर या नावाची ही सुई पोर्टच्या रबरी पडद्याचा तुकडा न पाडता आत जाते, म्हणून साधी सुई वापरू नये. मिलिलिटरच्या हिशेबात थोडेसे सलाईन आत जाते. मग रुग्णाला उठून बसवतात आणि पेलाभर पाणी प्यायला देतात. पाणी सहज उतरले तर तो घरी जातो, घशाशी आले तर थोडे सलाईन परत काढून घेतात. एवढ्याशा द्रवाने पुढच्या महिन्याची भूक ठरते, हे पहिल्यांदा अनुभवणाऱ्याला खरे वाटत नाही.

इथेच सर्वांत मोठी चूक होते. वजन हवे तसे उतरले नाही की रुग्ण म्हणतो, आणखी घट्ट करा. पण बँड फार घट्ट झाला की डाळ-भाजी, उसळ, मासे हे उतरेनासे होतात आणि जे सहज सरकते ते खाल्ले जाऊ लागते. चहात बुडवलेली बिस्किटे, आइस्क्रीम, श्रीखंड, आमरस, बासुंदी यांना बँड अडवत नाही, त्यांतून तृप्तीचा निरोपही फारसा जात नाही, आणि उष्मांक मात्र भरपूर जातात. मग वजन वाढते, वजन वाढले म्हणून बँड आणखी घट्ट केला जातो आणि हे चक्र चालू राहते. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी यासाठी वाहतुकीच्या दिव्यांसारखी रंगांची खूण रूढ केली. भूक लवकर लागते, मोठे जेवण जाते, खाण्याचा विचार सारखा येतो, तेव्हा पिवळा म्हणजे फिलची गरज. थोड्या जेवणात चार-पाच तास समाधान राहते, तेव्हा हिरवा. गिळताना त्रास होतो, आंबट पाणी घशाशी येते, रात्री आडवे झाल्यावर खोकला येतो, तेव्हा लाल, आणि अशा वेळी सलाईन काढायला हवे. हिरव्या पट्ट्यात वजन आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरते. हा वेग इतर शस्त्रक्रियांपेक्षा कमी आहे आणि दोन-तीन वर्षे चालणाऱ्या प्रवासात तो पुरेसा आहे.

मनातली भूक बँडला कळत नाही. कामाच्या ताणाने, एकटेपणाने किंवा रात्री जागताना हात डब्याकडे जात असेल, तर त्याचे उत्तर फिलमध्ये सापडत नाही, आणि त्यासाठी समुपदेशकाची मदत घेण्यात कमीपणा नाही.

काही गोष्टी थोडक्यात. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे वजन उतरू लागले की कमी करावी लागतात, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर साखर एकदम खाली जाऊ नये म्हणून वारंवार तपासावी. मोठ्या गोळ्या अडकू शकतात, पण हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटून घेणे धोक्याचे असते, त्यामुळे पर्यायी औषध विचारून घ्यावे. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी दरवर्षी करावी. वजन उतरल्यावर गर्भधारणेची शक्यता वाढते, तेव्हा ती काही काळ टाळायची असेल तर तशी काळजी घ्यावी. गरोदरपणात उलट्या होत असतील तर सलाईन काढून बँड सैल करता येतो.

तातडीची लक्षणे मात्र पाठ असावीत. पाणी किंवा स्वतःची लाळही गिळता न येणे, पोटात सतत आणि तीव्र दुखणे, न थांबणाऱ्या उलट्या, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. जठर बँडखालून वर सरकले असेल, तर त्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो. बरेच दिवस उलट्या होत राहिल्या तर थायामिनची (बी-१ जीवनसत्त्वाची) कमतरता होऊन मज्जासंस्थेला इजा होऊ शकते. शस्त्रक्रियेनंतर खूप काळाने पोर्टच्या जागी लाली किंवा पू दिसला, किंवा बँडचा परिणाम अचानक नाहीसा झाला, तर बँड जठराच्या भिंतीत रुतत गेला आहे का हे दुर्बिणीने पाहावे लागते.

बँडची लोकप्रियता ओसरली आहे, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. अमेरिकेत २०११ साली वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक बँडच्या होत्या आणि २०१९ पर्यंत त्यांचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. जठराचा मोठा भाग कापून काढणाऱ्या स्लीव्ह या शस्त्रक्रियेने त्यांची जागा घेतली. मेलबर्नच्याच दीर्घकालीन नोंदींत पंधरा वर्षांनंतरही रुग्णांनी जादा वजनाचा सुमारे ४७ टक्के भाग कमी ठेवलेला दिसला, पण जवळपास ४३ टक्के जणांना या काळात पुन्हा काही ना काही शस्त्रक्रिया करावी लागली होती. म्हणून ज्यांचा बँड काढावा लागतो, त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. काढताना पुढची योजना मात्र आधीच ठरवावी, कारण बँड गेला की भूक परत येते.

परदेशात बँड बसवून घेतलेले आणि आता पुण्या-मुंबईत परतलेले काही जण फिलसाठी डॉक्टर शोधत फिरतात, कारण बँड हाताळण्याची सवय असलेले सर्जन सगळीकडे नसतात. त्यांनी आणि खरे तर सर्वांनीच एक लहान कार्ड पाकिटात ठेवावे. त्यावर बँडची कंपनी आणि मॉडेल, त्यात एकूण किती मिलिलिटर मावते, आत्ता किती भरलेले आहे, शेवटचा फिल कोणत्या तारखेला झाला, पोर्ट पोटाच्या कोणत्या बाजूला आहे आणि त्यासाठी ह्यूबर सुई लागते, एवढे लिहिलेले असावे. प्रत्येक फिलनंतर त्यातला आकडा आणि तारीख दवाखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच बदलून घ्यावी.