दोन लाव्हांमधली चाळणीभर माती

जीवाश्मशास्त्र शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात बहुधा डायनोसॉरची हाडे असतात. सूक्ष्मजीवाश्मांच्या प्रात्यक्षिकात मात्र त्याच्यासमोर येते ती भांड्यात भिजत घातलेली मूठभर राखाडी माती. ती फुगून सुटी झाली की नळाच्या बारीक धारेखाली 63 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर धुवायची, खालून नितळ पाणी येईपर्यंत. वर उरलेली चिमूटभर वाळू वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पसरली, की कणाकणांमधून फोरॅमिनिफेरांची कवचे दिसू लागतात. हे समुद्रातले एकपेशीय जीव. त्यांच्यापैकी अनेकांची कवचे चुन्याची असतात आणि एकामागून एक वाढत गेलेल्या कप्प्यांची बनलेली असतात. ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच टिपून ते काळ्या तळाच्या पट्टीवरील आखलेल्या चौकटीत ठेवायचे असते. कुंचला जास्त ओला असला तर कवच थेंबात बुडते, कोरडा असला तर उचललेच जात नाही. कप्पे किती, ते कोणत्या दिशेने वळले आहेत, मुख नेमके कुठे आहे, हे नजरेत बसायला कित्येक आठवडे जातात, आणि मला हा वेळ अत्यंत मोलाचा वाटतो.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने तो का द्यावा, याचे उत्तर सह्याद्रीच्या कातळात आहे. हा कातळ म्हणजे दख्खनच्या ज्वालामुखींतून थरावर थर वाहून थिजलेला लाव्हा, आणि थिजलेल्या लाव्हात जीवाश्म सापडत नाहीत. ते सापडतात दोन लाव्हांमधल्या काळात साचलेल्या गाळात. नागपूरजवळच्या टाकळीच्या अशा थरांतून हिस्लॉप आणि हंटर या धर्मप्रचारकांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच गोगलगायींचे शंख व वनस्पतींचे अवशेष गोळा केले होते. पण हे गोड्या पाण्यातले जीव आपापल्या तळ्यांपुरते असतात, त्यामुळे त्यांच्यावरून इटलीतल्या किंवा ट्युनिशियातल्या त्याच काळच्या समुद्री थराशी काळाचा मेळ घालणे फार कठीण जाते. प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे, फोरॅमिनिफेरा प्रवाहांबरोबर महासागरभर पसरतात, म्हणून त्यांच्या जाती कालगणनेला उपयोगी पडतात.

असा समुद्री गाळ दख्खनच्या लाव्हाला भेटतो तो आंध्र प्रदेशात, गोदावरीकाठच्या राजमहेंद्रीला. तिथल्या लाव्हांचे रासायनिक घटक महाबळेश्वर परिसरातील आंबेनळी आणि महाबळेश्वर या थरसमूहांशी जुळतात. म्हणजे हा लाव्हा पश्चिमेकडून सुमारे 1000 किलोमीटर वाहत गेला असावा. खालच्या आणि वरच्या लाव्हाच्या मध्ये खाडीत साचलेला गाळ आहे. भूशास्त्रज्ञ गेर्टा केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये असे दाखवले, की त्या गाळातील फोरॅमिनिफेरा डेनियन कालखंडाच्या आरंभीचे, म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर ज्यात संपले त्या महाविनाशाच्या लगेच नंतरचे आहेत. त्या विनाशात प्लवक फोरॅमिनिफेरांच्या बहुतेक जाती नष्ट झाल्या होत्या, आणि इटलीतील गुब्बिओ या गावावरून नाव पडलेली पार्व्ह्युलारुगोग्लोबिजेरिना युगुबिना ही त्यानंतर अवतरलेल्या इवल्या जातींपैकी एक.

या पुराव्याची मर्यादाही विद्यार्थ्याला कळली पाहिजे. गाळ महाविनाशानंतरचा आहे एवढे कवचे ठामपणे सांगतात. त्याखालचा लाव्हा नेमका कधी थांबला, हे त्यावरून अनुमानानेच ठरते. 2019 मध्ये दोन गटांनी पश्चिम घाटातील थरांचे किरणोत्सारी कालमापन प्रसिद्ध केले, एकाने झिरकॉन स्फटिकांतील युरेनियम व शिसे मोजून, तर दुसऱ्याने आर्गॉनच्या समस्थानिकांवरून. विनाशाला हा लाव्हा कितपत कारण झाला हे ठरवायला तो विनाशाच्या आधी किती ओतला गेला आणि नंतर किती हे कळावे लागते, पण यावर त्यांचे एकमत झाले नाही.

या वादात चाळणीचाही वाटा आहे. महाविनाशानंतरच्या या जाती बहुतेक 150 मायक्रॉनपेक्षा लहान असतात, काही तर 63 मायक्रॉनच्या जाळीतूनही निसटतात. केवळ जाड जाळी वापरली तर तो थर प्लवक जीवांविना असल्याचा भास होतो आणि चुकीचे वय वहीत नोंदले जाते. म्हणून 63 मायक्रॉनच्या चाळणीखालचे गढूळ पाणी मोरीत न ओतता बादलीत धरून ठेवायचे आणि 38 मायक्रॉनच्या चाळणीवर पुन्हा धुवायचे.